जुनी सेंटर कन्सोल बोट, खाऱ्या पाण्यासाठी: घ्यावी का, आणि घेतली तर काय बघून?

तापीकाठ (जळगाव)
मंडळी, आधी हसून घ्या. हो, मी जळगावचाच आणि समुद्रातली बोट घ्यायची म्हणतोय.

माझे मेहुणे नोकरीमुळे अलिबागला स्थायिक झालेत. दोघांनाही गळाचा नाद. इकडे हतनूर धरणाच्या पाण्यावर बसून बसून डोकं भाजलं, तिकडे गेलो की सुरमई-रावसाची स्वप्नं पडतात. मेहुण्यांनी रेवदंड्याच्या खाडीत एक बोट हेरली आहे. तेवीस फुटी, फायबरची, सेंटर कन्सोल. म्हणजे सुकाणू आणि मीटरं मधोमध, चारी बाजूंनी फिरायला मोकळं, मासा कुठल्याही अंगाला पळाला तरी दोरीमागे जाता येतं. परदेशी बनावटीची, मॉडेल २०१२, मागे दीडशे हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन. मीटरवर तीनशेच्या आसपास तास. मालक मुंबईचे, म्हणतात "कमी वापरलेली आहे". किंमत इथं लिहीत नाही, सौ. हा धागा वाचतात.

खाऱ्या पाण्यातली जुनी बोट भरवशाची आहे की नाही हे ओळखायचं कसं? इंजिन बघू, बॉडी बघू, की आणखी काही? ज्यांनी हे धंदे केलेत त्यांनी सांगा.

भुसावळ_जंक्शन
समुद्र भुसावळपर्यंत आला की कळवा, फलाट क्रमांक विचारून ठेवतो.

अमळनेरकर
बोट ली ऱ्हायनात, बेस शे. पन पयले हाई सांगा भो, पवता येस का?

पांझरेकर (धुळे)
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घेऊ नका.

हिशोब मांडा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. तिच्या पुढं-मागंही एवढ्याशा बोटीला दर्या धार्जिणा नसतो. उरले आठ महिने. त्यातून तुमची केळीची काढणी, लग्नसराई, दिवाळी आणि पोरांच्या परीक्षा वजा करा. जळगाव ते अलिबाग चारशेच्या वर किलोमीटर आहे, कसारा घाट वेगळा. पदरात पडणार चार-दोन शनिवार-रविवार. तेवढ्यासाठी तांडेलासकट, म्हणजे चालवणाऱ्यासकट, बोट भाड्यानं मिळते. डिझेल त्याचं, डोकेदुखी त्याची, तुम्ही मासे घेऊन घरी.

तापीकाठ
पांझरेकर, भाड्याचं करून झालंय. तांडेल भले माणूस असतात, पण त्यांचं पोट जाळ्यावर चालतं. गळ टाकून दोन तास एका जागी थांबायचं म्हटलं की त्यांचा जीव खालीवर होतो. आणि मेहुणे तिथंच राहतात, त्यांना दर रविवार मोकळा आहे. तेव्हा "घेऊ नका" हे मत वहीत लिहून घेतलं, पुढचं सांगा.

ओबीएम_मिस्त्री (मूळ शिरपूर, सध्या किनाऱ्यावर)
आउटबोर्डचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तीनशे तास ऐकून हुरळू नका. २०१२ चं इंजिन आणि एवढे तास, म्हणजे वर्षाला पंचवीससुद्धा पडत नाहीत. उरलेला सगळा वेळ ते उभं होतं. खाऱ्या पाण्यात रोज चालणारं इंजिन सहसा मरत नाही, खारं पाणी पोटात ठेवून उभं राहिलेलं मरतं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि इंजिन गार करायला तेच पाणी आत फिरतं. बंद केलं की पाणी सुकतं, मीठ राहतं. थर्मोस्टॅटच्या घरात त्याचे पापुद्रे धरतात, पाण्याची वाट अरुंद होते आणि एक दिवस भर समुद्रात गरम झाल्याचा भोंगा वाजतो. त्यापेक्षा दीड हजार तास चाललेलं, पण दर शंभर तासांना ऑइल बदललेलं आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुतलेलं इंजिन मी डोळे मिटून घेईन. सर्व्हिसची बिलं मागा. बिलं नाहीत म्हणाला की सर्व्हिस झालीच नाही असं धरून भाव करा.

बघायला जाल तेव्हा आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या कव्हर काढून ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर सकाळी गुपचूप चालवून घेतलंय. गार इंजिन किती वेळात धरतं, धूर कसा काढतं, हे गारच बघायचं असतं. चालू झालं की मागे पिचकारी येते ती जोरकस हवी. थेंब-थेंब आली तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, संपलाय किंवा वाट चोंदली आहे. इम्पेलर रबरी असतो, दोन-तीन वर्षांनी बदलायचाच, त्याला घाबरू नका. चोंदलेल्या वाटेला घाबरा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. आकडा इंजिनागणिक वेगळा, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एकच सिलिंडर पडलेला दिसला तर नमस्कार करून निघा. खाली गिअरकेसचा स्क्रू किंचित ढिला करून तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलं, पाणी आत शिरलंय. चुंबकाच्या स्क्रूला बारीक काजळी चालते, कण किंवा तुकडे चालत नाहीत.

आजकालच्या फोर स्ट्रोकला कंपनीचा डीलर लॅपटॉप लावतो आणि किती तास कुठल्या आरपीएमला चाललं ते सगळं वाचतो. मीटर बदलता येतं, इंजिनाच्या मेंदूतली नोंद सहजी बदलत नाही. आणि इव्हिनरुड कंपनीचं असेल तर लक्षात असू द्या, २०२० मध्ये ती आउटबोर्डं बनायची बंद झाली.

बॉडीचं बाकीचे सांगतील. पण आपल्याकडे इंजिन हाच जिन्नस महाग. ते नीट तर सगळं नीट.

भुसावळ_जंक्शन
मिस्त्री, "नमस्कार करून निघा" हे लग्नाच्या स्थळांनाही लागू करता आलं असतं तर बरं झालं असतं.

फायबरवाला (जळगाव एमआयडीसी)
मिस्त्रींचं सगळं मान्य, शेवटची ओळ सोडून. इंजिन चार बोल्टवर लटकलेलं असतं. ते काढून दुसरं लावता येतं. ज्या फळीवर ते लटकतं ती कुजली असेल तर काय लावाल?

माझा धंदा टाक्यांचा आणि कूलर-बॉडीचा, पण तीन-चार मासेमारी बोटींच्या डागडुजीला हात लावलाय. जुन्या फायबर बोटींत ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत, नुसत्या फायबरची नसते. आत प्लायवूडचं सँडविच असतं. कुणीतरी कधीतरी फिश-फाइंडरचा सेन्सर नाहीतर शिडी लावायला भोक पाडतो, नीट सील करत नाही, आणि त्या स्क्रूच्या वाटेनं पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं. बाहेरून चकचकीत, आत लगदा. वर दोनशे किलोच्या पुढचं इंजिन, लाटांवर आपटतंय.

तपासायला सोपं आहे. पेचकसाची मूठ घ्या आणि ट्रान्समवर इंच-इंच ठोकत जा. बाजारात कलिंगडावर टिचकी मारता तसा कान लावा. कडक टणटण आवाज यायला हवा, मध्येच ठप्प झाला की तिथं खूण करा. मग इंजिन थोडं वर उचलून खालच्या पायावर एकानं वजन टाकायचं आणि दुसऱ्यानं ट्रान्सम बघायचा. भिंत वाकताना दिसली किंवा कोपऱ्यात केसासारख्या चिरा उघडल्या तर काम मोठं आहे. मालकाची परवानगी घेऊन पाण्याखालच्या रेषेतला एखादा स्क्रू काढा. कोरडा निघाला तर छान, तपकिरी पाणी झिरपलं तर आत काय आहे ते कळलं.

डेकवर अनवाणी चाला, बूट घालून नाही. मऊ लागलं तर कळतं. तळाला फोड आलेत का बघा. चांदणीसारख्या चिरा एका बिंदूतून फुटल्या असतील तर तिथं काहीतरी आदळलंय. नुसता पांढरा भुगा हाताला लागत असेल तर ते उन्हानं जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, उडालाय, पॉलिश करून भागतं. आपल्या जळगावच्या उन्हात ठेवलेल्या टाक्यांचं तेच होतं.

ओबीएम_मिस्त्री
फायबरवाले, ट्रान्सम दुरुस्त होतो. तुम्हीच करता. नव्या दीडशेच्या फोर स्ट्रोकची किंमत विचारा एकदा, मग चर्चा करू.

फायबरवाला
दुरुस्त होतो, पण डेक फाडून. आणि दुरुस्त करणारा खरंच कोरडं लाकूड आणि इपॉक्सी वापरतोय की वरून मॅट चिकटवतोय हे बघायला मालक तिथं उभा हवा. हे साहेब तर चारशे किलोमीटरवर.

सावदा_केळी
दोघं भांडा, आम्ही भरीत-भाकरी घेऊन बसलोय.

चोपड्याची_सून
माहेर माझं अलिबागकडचं, घरात पिढीजात होड्या. लग्न होऊन चोपड्याला आले आणि इथं मासा म्हणजे तापीचा कटला. म्हणून धागा बघून जीव हरखला.

इंजिन आधी की बॉडी आधी यावर तुम्ही दादा लोक खुशाल वाद घाला, मला एकच विचारायचंय. बोट धुणार कोण?

आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासे उतरवायच्या आधी पोरांना पाण्याच्या बादल्या भरायला लावायचे. इंजिनाला गोडं पाणी दहा-पंधरा मिनिटं चालतं ठेवायचं, वायरींचे सांधे पुसायचे, रिळं धुवायची. रेवदंड्याच्या खाडीत बोट नांगरून ठेवलीत तर धुवायला गोडं पाणी आणणार कुठून? जेटीवर नळ आहे का ते आधी बघा. खाडीत ओहोटीला गाळ उघडा पडतो, बोट बसली तर इंजिनाचं पाणी ओढायचं तोंड गाळात. पाण्यात कायमची ठेवायची तर तळाला शेवाळ आणि काकई, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, धरणार, त्याला वेगळा रंग लागतो. मेच्या अखेरीस ती वर ओढून शाकारायला लागणार, त्याला जागा आणि चार हात लागणार.

मुंबईच्या साहेबांच्या अशा बोटी लहानपणापासून बघत आलेय. विकत घेताना पेढे वाटतात, दुसऱ्या वर्षी बोटीवर बगळे बसलेले असतात.

तुमचे मेहुणे दर रविवारी जातात म्हणता. ते धुणार असतील तर घ्या. नाहीतर महिना ठरवून गावातल्या एखाद्या माणसाला बांधून घ्या, आणि तो पैसा बोटीच्या किमतीत धरूनच विचार करा. आणि हो, जानेवारीनंतर दुपारी वारं वाढतं. पहाटे निघून अकरापर्यंत परत, हा नेम तेवीस फुटीलाही सोडायचा नाही.

पांझरेकर
ताईंनी माझंच म्हणणं सांगितलं, फक्त गोड करून.

चोपड्याची_सून
नाही हो भाऊ, मी "घेऊ नका" म्हटलं नाही.

सातपुडा_पायथा (शहादा)
उलटा विचार मांडतो. खाऱ्या पाण्यात वाढलेली बोट घेण्यापेक्षा गोड्या पाण्यातली शोधा. सरदार सरोवराचं पाणी २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, तेव्हापासून धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी बोटीशिवाय पान हलत नाही. उकईच्या फुगवट्यातही नवापूरच्या बाजूला बोटी आहेत. पर्यटनाचे ठेके संपले की धरणांवरच्या फायबर बोटी विकायला निघतात. आत मिठाचा कण नाही, वायरी स्वच्छ, बोल्ट हातानं फिरतात.

ओबीएम_मिस्त्री
विचार चांगला, पण दोन गोष्टी. धरणावरच्या बोटी बहुतेक सपाट तळाच्या. शांत पाण्यात त्या मस्त, बाहेर लाटेवर कंबर मोडतात. समुद्राला तळाचा व्ही खोल लागतो, मागच्या टोकाला वीस अंशांच्या पुढं असेल तर लाट कापते. त्याची किंमत म्हणजे उभी असताना थोडी जास्त डुलते आणि पेट्रोल जास्त पिते.

दुसरं, अॅनोड. इंजिनाला आणि ट्रान्समला लावलेले ते धातूचे ठोकळे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे असतात, समुद्रात जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे लागतात. मॅग्नेशियमचे तसेच समुद्रात नेलेत तर भराभरा विरघळतात, आणि ते संपले की गंज इंजिनाला खायला लागतो. बदलायला स्वस्त आहेत, फक्त आठवण पाहिजे. रेवदंड्याची बोट बघताना हेच उलट वाचा. अॅनोड अर्धा झिजलेला दिसला तर बरं लक्षण, तो काम करतोय. पूर्ण संपलेला असेल तर मालकाचं लक्ष नाही. आणि कोराकरकरीत, वर रंग फासलेला असेल तर तो कधी काम करूच शकला नाही.

वायरमन (पाचोरा)
इंजिन, बॉडी झालं, वायरिंगवर कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. समुद्रातल्या बोटी बुडतात त्या वादळात कमी आणि जेटीला बांधलेल्या जास्त. तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप बंद पडतो, स्कपरमधून, म्हणजे डेकच्या निचऱ्याच्या भोकातून, नाहीतर एखाद्या फुटक्या नळीतून पाणी येत राहतं, सकाळी नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढी वर.

कन्सोलचं झाकण उघडा आणि आत मोबाईलची बॅटरी मारा. घरातली लाल-काळी वायर, पिळून वर काळी टेप, असं दिसलं तर सगळी वायरिंग नवी धरा. समुद्रासाठी तांब्याच्या तारेला कथिलाचा मुलामा दिलेली वायर येते. साध्या तांब्यात ओल केशिकेसारखी आत चढते, टोकाचं आवरण अर्धा इंच मागं सरकवून बघा, आत काळं पडलेलं दिसेल. हिरवा थर आलाय तो सांधा मेलेला समजा.

बिल्ज पंपाची फ्लोट स्विच हातानं उचला. मेन स्विच बंद असतानाही पंप सुरू व्हायला हवा, कारण तो फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडलेला असतो. नाही झाला तर कुणीतरी खेळ केलाय. टी-टॉपचे, म्हणजे कन्सोलवरच्या छताचे, अॅल्युमिनियमचे पाइप जिथं स्टीलच्या स्क्रूला लागतात तिथं पांढरी पावडर आली असेल तर तिथला पाइप आतून खाल्लेला असतो. छताला धरून हलवून बघा.

पंपवाला (पारोळा)
पेट्रोलचं माझ्याकडून घ्या. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते, बोटीची तीन-तीन महिने अर्धी भरलेली राहते, वर समुद्राची दमट हवा. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर आहे का ते बघा. तो उघडून एका काचेच्या बाटलीत ओता आणि थोडा वेळ ठेवा, खाली थर दिसला तर टाकीत काय आहे ते कळेल. जुनी टाकी बहुतेक अॅल्युमिनियमची, डेकखाली फोममध्ये बसवलेली. फोम ओला राहिला की बाहेरून तिला भोकं पडतात. बिल्जमध्ये पेट्रोलचा वास आला तर तिथं काडी ओढू नका आणि सौदाही करू नका. टाकी बदलायची म्हणजे पुन्हा डेक कापणं आलं.

भुसावळ_जंक्शन
या धाग्यात आतापर्यंत डेक दोनदा कापून झाला. बोट अजून बघितलेली नाही.

अमळनेरकर
बोटवर शेवभाजी रांधता ई का नई, ते कोनी सांगं नई!

सावदा_केळी
शेवभाजी नको, तर्री सांडली की डेक कायमचा लाल. भरीत न्या. कळण्याची भाकरी दिवसभर टिकते.

चोपड्याची_सून
आणि केळी नेऊ नका बरं. बोटीवर केळं अपशकुनी मानणारे गळवाले जगभर आहेत. जळगावकरांनी आता काय करायचं ते ठरवा.

सावदा_केळी
ही बोट रद्द. विषय संपला.

काळा_कोट (धुळे)
कागदांचं कोणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगतो.

बोट परदेशी आहे म्हणता. मग कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा, त्यावरची बोट आणि समोरची बोट एकच आहे ना ते पडताळा. अमेरिकी बनावटीची असेल तर ट्रान्समच्या उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. शेवटचे दोन अंक मॉडेल-वर्षाचे. इंजिनाचा क्रमांक ब्रॅकेटच्या पट्टीवर वेगळा. दोन्हींचे फोटो काढा.

मग महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडची नोंदणी, सर्व्हे आणि विमा चालू आहे का. मालकानं नुसतं "होऊन जाईल" म्हटलं तर त्या भागातल्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. हौसेची बोट आणि मासेमारीची बोट यांचे परवाने वेगळे. पकडलेले मासे विकायचं मनात आलं तर मत्स्यव्यवसाय खात्याचा प्रश्न सुरू होतो. ट्रेलर सोबत मिळत असेल तर त्याचीही आरटीओ नोंदणी बघा, नाहीतर घाटात पहिल्याच नाक्यावर उभे राहाल. बँकेचा बोजा नाही हे लिहून घ्या.

तापीकाठ
मंडळी, जाऊन आलो. मेहुणे, मी आणि मेहुण्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री. सांगतो.

पोचलो तर मालकांचा माणूस आधीच हजर, हसतमुख. मी थेट कव्हर काढायला लावलं आणि ब्लॉकवर हात ठेवला. कोमट. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. काही बोललो नाही. "थोडं गरम करून ठेवलं साहेब, तुमचा वेळ वाचावा म्हणून," तो आपणहून म्हणाला. मग आम्ही चहाला गेलो, कोरलई किल्ला बघून आलो, आणि दुपारी गार झाल्यावर परत लावलं. पहिल्या झटक्यात धरलं. धूर नाही, पिचकारी जोरात. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत पाच टक्क्यांच्या आत. गिअर तेल हिरवट, स्वच्छ. बाहेर नेऊन पूर्ण थ्रॉटल दिला तर ५,६०० आरपीएमपर्यंत गेलं. मिस्त्री म्हणाले, इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही.

मग फायबरवाल्यांची आठवण काढून पेचकस उलटा धरला. ट्रान्समची उजवी बाजू टणटणीत. डावीकडे, इंजिनाच्या बोल्टच्या खाली, वीतभर जागेत आवाज बसला. तिथंच जुन्या सेन्सरची दोन भोकं, सिलिकॉननं बुजवलेली. परवानगी घेऊन खालचा स्क्रू काढला. आधी काही नाही. मग एक तपकिरी थेंब भोकाच्या काठावर जमला, फुगला आणि पांढऱ्या जेलकोटवरून सरळ रेघ ओढत खाली गेला. त्याच्यामागून दुसरा. कुजलेल्या लाकडाचा वास. त्या माणसाचं हसू गेलं.

वायरमनभाऊ, कन्सोलमध्ये काळी टेप भरपूर. बिल्ज पंप मात्र मेन बंद असताना चालला. पेट्रोलचा वास नव्हता, टाकीवरचं तपासणीचं झाकण गंजून बसलेलं, उघडलं नाही. बारा आकडी क्रमांकाच्या शेवटी १२ आहे, बिल ऑफ एन्ट्रीशी जुळतो. जेटीवर नळ आहे, पाणी सकाळी येतं.

म्हणजे इंजिन उत्तम, ट्रान्सम आजारी. ओबीएम_मिस्त्री आणि फायबरवाले दोघंही बरोबर ठरलात, मी मध्ये लटकलो. आता काय?

फायबरवाला
वीतभर दिसतंय ते बाहेरून. आत ओल बोल्टच्या भोकांपर्यंत गेली असेलच. पूर्ण ट्रान्समचा गाभा बदलायचा असं धरा. इंजिन उतरवायचं, आतल्या बाजूनं कापायचं, सगळं ओलं लाकूड खरवडून काढायचं, दिवसच्या दिवस सुकू द्यायचं, मग मरीन प्लाय किंवा न कुजणारी कॉम्पोझिट फळी इपॉक्सीत बसवायची. घाई करणाऱ्याला देऊ नका. खर्चाचा अंदाज तिकडच्याच दोन कारागिरांकडून लेखी घ्या आणि मोठा आकडा किमतीतून वजा करा.

ओबीएम_मिस्त्री
यावर मी फायबरवाल्यांच्या बाजूनं. इंजिन एवढं चांगलं आहे म्हणूनच ट्रान्समवर पैसा घालायला अर्थ आहे. इंजिनही गेलेलं असतं तर फुकटसुद्धा घेऊ नका म्हटलं असतं. कोमट इंजिनाचं मात्र नवल वाटतं, चांगल्या इंजिनाला कोण गरम करून ठेवतं? बॅटरी तपासा, ती मेलेली असणार.

वायरमन (पाचोरा)
हेच लिहायला आलो होतो. वायरिंग पूर्ण नवी धरा. टाकीचं झाकण उघडल्याशिवाय टोकन देऊ नका.

पांझरेकर
ट्रान्सम, वायरिंग, बॅटरी, कदाचित टाकी. जोडा सगळं, आणि मग भाड्याच्या बोटीचा दर एकदा परत बघा.

तापीकाठ
बघितला. पांझरेकर, कागदावर तुम्ही जिंकता. पण मेहुण्यांनी रविवारी धुवायचं कबूल केलंय आणि जेटीशेजारच्या एका माणसाला मधल्या दिवसांसाठी महिन्यानं ठरवायची बोलणी चालू आहेत. ताई, तो पैसा किमतीत धरलाय. मालकांना कळवलं: ट्रान्समचा लेखी खर्च वजा, वायरिंगचा वजा, आणि टाकीचं झाकण माझ्यासमोर उघडायचं. टाकीत भोक निघालं तर सौदा नाही. बॅटरीचं विचारल्यावर ते म्हणाले, "नवी टाकून देतो." बाकीच्यावर उत्तर यायचंय.

चोपड्याची_सून
घाई करू नका. मे जवळ आला की किंमत आपोआप उतरते, वर ओढायचा आणि शाकारायचा खर्च त्यांच्याही डोक्यावर असतो. लाइफ जॅकेट अंगात घालायची, पेटीत ठेवायची नाहीत. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर लावलेला असू द्या. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर कन्सोलवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. मोबाईलला रेंज नसते तिथंच सगळं होतं.

काळा_कोट (धुळे)
टोकन द्याल तेव्हा पावतीवर "टाकी व ट्रान्समची तपासणी समाधानकारक न झाल्यास टोकन परत" ही ओळ स्वतः लिहून घ्या. तोंडी नको.

एरंडोल_नवखा
मस्त धागा, सगळा वाचून काढला. एक शंका, गिरणा धरणात फुगवायची कयाक चालते का? परवानगी लागते का?

भुसावळ_जंक्शन
वेगळा धागा काढा भाऊ. पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल, आणि इथले लोक आधी तुमच्या कयाकचा डेक कापतील.